धारकरी, मांत्रिक, शाहीर: होमब्रू फँटसी गेममधले क्लास तोलायचे कसे

होमब्रू, म्हणजे घरच्या घरी बनवलेली, रोल-प्लेइंग गेमची सिस्टीम लिहायला बसलेला डीएम (खेळ चालवणारा) बहुतेक वेळा आधी क्लासची, म्हणजे पात्रांच्या प्रकारांची, यादी करतो. मग प्रत्येकाला शस्त्रं, स्पेल (मंत्र) आणि एचपी (मार सोसायचे गुण) वाटतो. तिसऱ्या-चौथ्या सेशनला लक्षात येतं, की मांत्रिक एकटाच सगळं उरकतोय आणि बाकीचे आपला टर्न येईपर्यंत मोबाईल बघताहेत. मग मांत्रिकाचं डॅमेज कापलं जातं, त्याचा खेळाडू नाराज होतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. डॅमेजचा आकडा बहुतेक वेळा त्याला जबाबदार नसतोच. दोन विसाव्यांच्या (शक्ती परत भरणाऱ्या विश्रांतींच्या) मध्ये तुमच्या टेबलावर किती झटापटी होतात, ते आधी बघायला हवं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

उदाहरणाला एक जग घेऊ. सात बेटांची मुंबई, १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डने वरळीजवळची खिंड बुजवली त्याच्या आधीची, आणि तिच्यात जादू, वेताळ, खाडीतले गिऱ्हे (पाण्यातली भुतं). क्लास सहा: धारकरी (शस्त्र घेऊन लढणारा), मांत्रिक, हेर, भगत (अंगारा लावून बरं करणारा), शाहीर आणि तांडेल (गलबतावरचा म्होरक्या). नियम ओळखीचे, म्हणजे डी२० (वीस बाजूंचा फासा) अधिक बोनस, समोर एसी (बचावाचा आकडा, तो गाठला की वार लागतो). सगळी पात्रं तिसऱ्या लेव्हलची धरू.

पहिली पायरी: घड्याळ बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फँटसी गेमच्या पाचव्या आवृत्तीचं डीएमसाठीचं २०१४ चं पुस्तक असं धरून चालतं, की साहसाच्या एका दिवसात पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) सहा ते आठ मध्यम किंवा कठीण झटापटी पेलू शकते. त्या आवृत्तीतले स्पेल स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी), एचपी, विसावे हे सगळं या अंदाजाच्या आसपास बेतलेलं आहे.

आता आपला शनिवार आठवा. दादरला कुणाच्या तरी घरी जमायचं. एक जण डोंबिवलीहून येणार, एक वसईहून, एक पनवेलहून. सातला ठरलेलं साडेसातला सुरू होतं आणि साडेदहाला लांबचे लोक लोकलचं टाइमटेबल उघडतात. हातात राहतात तीन तास. चार खेळाडूंची एक झटापट पाऊण ते एक तास घेते. गप्पा, शोध, नकाशा, चहा धरला की एका सेशनमध्ये एक, फार तर दोन झटापटी होतात. आणि सेशन संपताना आपण सवयीने म्हणतो, ‘तुम्ही रात्री मुक्काम करता.’ सगळ्यांची सगळी शक्ती परत भरते. या सवयीची किंमत किती, ते आता मोजू.

दुसरी पायरी: एक माप ठरवा आणि गणित मांडा

मापासाठी सगळ्यात साधा क्लास घ्या. मी धारकरी घेतो, कारण तो प्रत्येक टर्नला जवळजवळ तेच करतो. हल्ल्याला अधिक ५, शत्रूचा एसी १५. फटका लागायची शक्यता काढायचं सूत्र असं: २१ मध्ये बोनस मिळवा, एसी वजा करा, २० ने भागा. इथे ११ भागिले २०, म्हणजे ५५ टक्के. डॅमेज १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) अधिक ३, सरासरी साडेसात. म्हणून एका टर्नला अपेक्षित डॅमेज सुमारे ४.१. २० पडल्यावरचं जादा डॅमेज सध्या सोडून द्या, त्याने चित्र फारसं बदलत नाही.

मांत्रिकाकडे ‘अग्निवर्षाव’ आहे: ४डी६, सरासरी १४, सेव्ह (शत्रूने स्पेलपासून वाचायला टाकलेला फासा) झाला तर अर्धं. शत्रू ४५ टक्के वेळा सेव्ह करतो असं धरलं तर एका शत्रूमागे अपेक्षित डॅमेज १०.८५. हा स्पेल दोन विसाव्यांच्या मध्ये दोनदा टाकता येतो आणि दर वेळी साधारण दोन शत्रू त्यात सापडतात. उरलेल्या टर्नना तो ‘ठिणगी’ टाकतो: १डी६, लागायची शक्यता तीच ५५ टक्के, म्हणजे टर्नला सुमारे १.९.

प्रत्येक झटापट चार फेऱ्यांची (फेरी म्हणजे सगळ्यांचा एकेक टर्न) धरून विसाव्यापर्यंतची बेरीज अशी येते:

एका झटापटीनंतर विसावा: धारकरी १६.५, मांत्रिक ४७.
दोन झटापटींनंतर विसावा: धारकरी ३३, मांत्रिक ५५.
चार झटापटींनंतर विसावा: धारकरी ६६, मांत्रिक ७०.

या तीन ओळींत क्लासचा एकही आकडा बदललेला नाही. तरीही एका ठिकाणी मांत्रिक धारकऱ्याच्या जवळपास तिप्पट आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दोघं खांद्याला खांदा लावून उभे आहेत. डॅमेज कापायच्या आधी ही बेरीज मांडा असं मी आग्रहाने सांगतो, ते याचसाठी.

गणिताला दोन दुरुस्त्या हव्यात. पहिली अशी, की पसरलेलं डॅमेज एकाच जागी पडलेल्या डॅमेजइतकं मोलाचं नसतं. एक एचपी उरलेला गिऱ्हाही पूर्ण ताकदीनेच मारतो. एकाला संपवलं तर समोरचा एक टर्न कायमचा कमी होतो. दुसऱ्या शत्रूला लागलेलं डॅमेज मी अर्ध्या किमतीने मोजतो. हा माझा अंदाज आहे, तुमच्या टेबलावर तो थोडा हलेल. दुसरी दुरुस्ती जागेची. उघड्या मिठागरात तीन-चार शत्रू एका स्पेलखाली येतात, खारफुटीच्या अरुंद वाटेत एखादाच येतो. तेव्हा नकाशा काढताना तुम्ही मांत्रिकाची ताकदही ठरवत असता.

तिसरी पायरी: विसावा सेशनपासून तोडा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल हाच. सेशन संपलं म्हणजे पात्रांची रात्र झाली असं नाही. पात्रांचा एक दिवस दोन-तीन शनिवार चालू दे. कुणाचे किती स्पेल उरले, किती एचपी उरले, हे पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलायचं.

नुसतं सांगून खेळाडू ऐकत नाहीत. दार लावून झोपायला त्यांना कुणीच अडवत नसतं. जगातच एखादं घड्याळ हवं, आणि सात बेटांच्या जगात ते आयतं आहे: भरती-ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर साधारण सव्वासहा तासांनी पाणी उलटतं. मी नियम असा ठेवतो. कागदावर चार चौकोन काढायचे. झटापट, मोठा धोका किंवा लांबची वाट पार केली की एक चौकोन भरायचा. चार भरले की पाणी उलटलं. शक्ती परततात फक्त पाणी उलटल्यावर, आणि तेव्हाच जगही हलतं. माहीमची वाट बुडते, शिवडीकडच्या चिखलात अडकलेलं शत्रूचं गलबत तरंगून निसटतं, कैद्याला दुसऱ्या बेटावर हलवतात. मध्येच झोपायचं असेल तर झोपा, थोडे एचपी मिळतील, पण चौकोनही भरेल आणि स्पेल परत येणार नाहीत.

यातून चार झटापटींचं गणित आपोआप पाळलं जातं. शिवाय मांत्रिकाच्या खेळाडूला खरा निर्णय मिळतो: आता टाकू, की ठेवू? हा निर्णय त्या क्लासचा जीव आहे. दर झटापटीला सगळे स्पेल ओतता आले तर मांत्रिक खेळायला सोपा होतो, पण कंटाळवाणाही होतो.

चार झटापटी जमणारच नसतील, म्हणजे महिन्यातून एकदाच भेटणारा गट असेल, तर दुसरी वाट आहे. ‘दिवसातून इतक्यांदा’ हा प्रकार सगळ्यांकडूनच काढा आणि ‘झटापटीत एकदा’ असा हिशेब ठेवा. अग्निवर्षाव झटापटीला एकदा आणि २डी६ वर आणला, की दोन शत्रूंवर सुमारे ११ आणि उरलेल्या तीन टर्नचे ६, मिळून १७ होतात. धारकऱ्याच्या १६.५ शेजारी ते ठीक बसतं.

चौथी पायरी: मार खाण्याची ताकद मोजा

हेर पाठीमागून वार करतो तेव्हा १डी६ अधिक ३, वर २डी६, सरासरी साडेतेरा. ५५ टक्क्यांनी ७.४. साध्या वाराला ३.६. दोनातून एकदा संधी मिळते असं धरलं तर टर्नला ५.५. म्हणजे हेर धारकऱ्याच्या पुढे. लगेच कापू नका, समोरून येणारा मारही बघा.

शत्रूचा बोनस ४, डॅमेज १डी६ अधिक १, सरासरी साडेचार. धारकऱ्याचा एसी १७ आणि एचपी २८. त्याला ४० टक्के फटके लागतात, दर हल्ल्यामागे १.८ जातात, म्हणजे तो साधारण पंधरा-सोळा हल्ले टिकतो. हेराचा एसी १४, एचपी २०. त्याला ५५ टक्के लागतात, दर हल्ल्यामागे सुमारे २.५ जातात आणि आठ हल्ल्यांत तो आडवा होतो. निम्मा टिकणारा माणूस तिसऱ्या हिश्शाने जास्त मारतो, हा सौदा मला रास्त वाटतो.

पण यात एक मेख आहे. टिकण्याला किंमत तेव्हाच असते जेव्हा शत्रू धारकऱ्याला मारतात. शहाणा शत्रू ढालकऱ्याला वळसा घालून मांत्रिकाकडेच जाईल. म्हणून धारकऱ्याला वाट अडवायचा अधिकार द्या: त्याच्या बाजूने कुणी गेला तर फुकटचा वार, आणि तो लागला तर त्याची चाल तिथेच थांबते. हा एक नियम दहा एचपी वाढवण्यापेक्षा जास्त काम करतो.

पाचवी पायरी: मदत करणारे क्लास

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, कारण यांचं काम दुसऱ्याच्या फाशात दिसतं.

शाहीर घ्या. तो डफ हातात घेऊन पोवाडा म्हणतो, सोबत्यांना हल्ल्याला अधिक २. त्याचा टर्न त्यातच जातो. ५५ चे ६५ टक्के झाले, म्हणजे प्रत्येक सोबत्याचं डॅमेज सुमारे १८ टक्के वाढलं. तीन जणांच्या टेबलावर त्याला दोन सोबती, म्हणजे शाहीर जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा धारकरी. सहा जणांच्या टेबलावर पाच सोबती, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक धारकरी, तोही मागे सुरक्षित उभा. क्लास तोच, कोण किती जण आले त्यावर त्याची किंमत अडीचपट हलते. आपल्याकडे मेगाब्लॉकच्या रविवारी सहाचे तीन होतात, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी राहत नाही.

उपाय असा, की बोनस माणशी न देता मोजून द्या. शाहिराला झटापटीत तीन थापा. थाप म्हणजे सोबत्याने फासा टाकून झाल्यावर शाहीर त्याला १डी४ देऊ शकतो, आणि स्वतःचा हल्ला वेगळा करू शकतो. टेबल कितीही मोठं असलं तरी थापा तीनच. आणि फासा टाकून झाल्यावर देण्यात मोठी गंमत आहे. दोनने हुकलेला वार शाहिराच्या थापेने लागतो आणि सगळं टेबल त्याच्याकडे बघतं. मदत करणाऱ्या क्लासच्या खेळाडूला हेच हवं असतं. पानावर गपचूप मिळवलेला अधिक २ फेरी संपेपर्यंत सगळे विसरतात.

भगताचं गणित उलट्या बाजूने करा. तीन शत्रूंचा फेरीचा अपेक्षित मार साडेपाच ते साडेसात येतो. भगत टर्नला १डी८ अधिक २, म्हणजे साडेसहा एचपी परत देत असेल, तर तो एकटा शत्रूंची अख्खी फेरी पुसून टाकतो. झटापट संपतच नाही, आणि भगताचा खेळाडू तीन तास फक्त अंगारा लावत बसतो. झटापटीतलं बरं करणं शत्रूच्या माराच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. १डी४ पुरे, पण ते भगताच्या हल्ल्याबरोबरच होऊ द्या. मोठं बरं करणं झटापटीबाहेर, वनस्पती खर्चून.

सहावी पायरी: झटापटीबाहेरची जागा

१९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर आला १९७५ च्या पुरवणीत. पण तोवर जादूगाराकडे कुलूप उघडायचा आणि अदृश्य व्हायचा स्पेल होताच. म्हणजे चोर जन्माला आला तेव्हाच त्याचं निम्मं काम दुसऱ्याच्या खिशात होतं. अर्धशतक झालं, होमब्रू गेममध्ये आजही हेच होतं.

कागदावर सहा क्लास उभे लिहा. आडवं लिहा: लढाई, वाट शोधणं, लपणं आणि कुलपं, बोलणी, जुनं ज्ञान, पाणी आणि हवामान. प्रत्येक क्लासला एका जागी ‘हाच’, दोन जागी ‘हाही’ आणि निदान एका जागी ठळक ‘नाही’ द्या. मग मांत्रिकाचे सगळे स्पेल एकेक करून तपासा. जो स्पेल दुसऱ्याच्या ‘हाच’ वर बसतो तो बदला. स्पेल काढून टाकायची गरज नसते, त्याला दुसऱ्याच्या हातावर चढवा. ‘अदृश्य’ स्पेलने मांत्रिक हेराला लपायचा फासा पुन्हा टाकू देतो. ‘कुलूपभंग’ दार उघडतो, पण सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजाने, आणि भरतीचा एक चौकोन भरतो. घाई असेल तर मांत्रिक, वेळ असेल तर हेर. दोघांचंही काम राहिलं.

तांडेलाचं दुखणं वेगळं आहे. पाण्यावर तो राजा, जमिनीवर रिकामा. तीन सेशन शीवच्या टेकडीवर गेली तर त्याचा खेळाडू चौथ्याला येत नाही. अशा क्लासची ताकद दोन भागांत लिहा. शीड, सुकाणू, प्रवाह हे पाण्यापुरतं. फेकायचं जाळं, दोरखंड, वारा ओळखणं, अनोळखी माणसांना एका हाकेत कामाला लावणं हे कुठेही. दुसरा भाग दर सेशनला एकदा तरी उपयोगी पडेल इतका भक्कम हवा.

सातवी पायरी: वरच्या लेव्हल

लेव्हल वाढली की धारकऱ्याचा एक आकडा वाढतो. मांत्रिकाचे स्पेल संख्येने वाढतात आणि प्रत्येक स्पेलही मोठा होतो, म्हणून त्याची ताकद गुणाकाराने वाढते. यावरचा एक जुना इलाज म्हणजे वेगवेगळा वेग. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला जायला चोराला १२०० अनुभव-गुण लागत, लढवय्याला २०००, जादूगाराला २५००, एल्फ या क्लासला ४०००. वर्षानुवर्षं आठवड्याला भेटणाऱ्या गटाला हे जमतं. आपल्या महिन्यातून दोनदाच्या गटात कुणी मागे राहिलं की ते मागेच राहतं, म्हणून मी हे वापरत नाही.

दुसरा इलाज २००८ च्या चौथ्या आवृत्तीने केला: सगळ्या क्लासना एकाच साच्यातल्या शक्ती, काही केव्हाही, काही झटापटीत एकदा, काही दिवसातून एकदा. आकड्यांचा समतोल सुधारला, पण सगळे क्लास सारखेच वाटतात ही तक्रार बऱ्याच खेळाडूंनी केली. त्यातून घ्यायचं ते इतकंच, की क्लासचं बळ सारखं असावं, वागणूक सारखी असू नये.

मला पटतो तो सगळ्यात जुना मार्ग. सुरुवातीच्या आवृत्त्यांत वरच्या लेव्हलच्या लढवय्याला किल्ला आणि माणसं मिळत. आपल्या मातीत हे फार छान बसतं. सहाव्या लेव्हलला धारकऱ्याला किल्लेदारी द्या, हाताखाली शिबंदी द्या, दरबारात शब्द द्या. मांत्रिक एका मंत्राने तटबंदी फोडतो. धारकरी निरोप पाठवतो आणि सकाळी शंभर भाले तिथे उभे असतात. एकाची ताकद स्पेलच्या यादीत, दुसऱ्याची राज्यात.

आठवी पायरी: तपासणी

गूगल शीटमध्ये वरची सूत्रं भरा, पण तिथे थांबू नका. तीन झटापटी तयार ठेवा: आठ कमजोर गिऱ्हे, एक मोठा वेताळ, आणि खाडीपलीकडून बाण मारणारे चौघं. त्याच तीन झटापटी पुन्हा पुन्हा खेळा, दर वेळी एक क्लास बाहेर ठेवून. जो नसला तरी कुणाला फरक पडत नाही तो क्लास अशक्त. जो नसला की तिन्ही हरता तो गरजेपेक्षा बलवान. एकट्या वेताळाच्या झटापटीतून क्लासबद्दल फार निष्कर्ष काढू नका. चार टर्नसमोर एक टर्न असला की कुठलाही राक्षस दुबळा दिसतो. त्याला फेरीत दोनदा हलू द्या आणि मग बघा.

एका सेशनवरून आकडा बदलू नका. ५५ टक्क्यांच्या १६ हल्ल्यांत सरासरीने नऊच्या आसपास लागायला हवेत, पण सात लागले किंवा अकरा लागले तरी ते फाशांचं नेहमीचं चढउतार आहे.

खेळाडूंना ‘बॅलन्स्ड वाटलं का?’ असं विचारलं तर सगळे भिडेखातर हो म्हणतात. ‘आज कुठल्या वेळी तुझ्या पात्राची गरज नव्हती?’ असं विचारा. उत्तरं नेमकी येतात.

नववी पायरी: दुरुस्तीचा क्रम

दोष सापडला की आधी साहस बदला: जागा, शत्रूंची संख्या, भरतीचे चौकोन. मग शक्ती किती वेळा वापरता येते ते बदला. मग आकडा. शक्ती काढून घेणं अगदी शेवटी, आणि चालू कॅम्पेनमध्ये (सेशनच्या सलग मालिकेत) खेळाडूशी आधी फोनवर बोलल्याशिवाय कधीच नाही. त्याने ते पात्र महिनोन् महिने जपलेलं असतं. शक्य असेल तिथे वरच्याला खाली ओढण्यापेक्षा खालच्याला वर उचला. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत तारीख आणि कारण लिहा. ‘तांडेल: जाळ्याचा पल्ला २० वरून ३० फूट, कारण जमिनीवर दोन सेशनमध्ये एकदाही वापरलं नाही’ इतकं पुरे. पुढची दोन सेशन तो बदल तसाच ठेवा. त्या दोन सेशनमध्ये जाळं वापरलं गेलं, तर वहीत तसं लिहून पुढच्या क्लासकडे वळा.